बी-दोन विकायची नाही

३ ऑगस्ट २००७, शुक्रवार. कमलनगर.
आजपासून डायरी. कारण तसंच आहे. स्पर्धा सुरू झाली.
मेहुणा बाबूलाल पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याच्या ऑफिसात पिक्चरच्या गल्ल्यावर लीग खेळतात. प्रत्येकाला शंभर कोटी मिळतात, खोटे. त्यातून पिक्चर विकत घ्यायचे. भाव दर शुक्रवारी बाबूलाल काढतो. आपल्या पिक्चरनं त्या आठवड्यात देशभरात एक कोटी कमावला की आपल्याला एक पॉइंट. बारा आठवडे. नऊ खेळाडू: बाबूलाल, त्याचे सहा दोस्त, मी आणि संध्या.
संध्या म्हणजे माझी बायको. जूनपासून पुण्यात आहे. स्टाफ नर्स. तात्पुरतं.
बक्षीस मल्टिप्लेक्सची दोन तिकिटं. दोन! मी जिंकणार, पुण्याला जाणार, संध्याच्या शेजारी बसून पिक्चर बघणार आणि पिक्चर सुटला की तिला घेऊन परत येणार. प्लॅन पक्का.
बाकीचे सगळे इंजिनियर. मी चौदा वर्षं टॉकीजच्या बुकिंगच्या खिडकीत बसलोय. (हुद्दा क्लार्क. काम मॅनेजरचं.) नुसता सायकल-स्टँड बघून सांगतो पिक्चर किती दिवस टिकणार. पोरांची कीव येते.
पिक्चरची नावं इथं लिहिणार नाही. डायरी कुणाच्या हाती लागली तर धोरण फुटेल.

१० ऑगस्ट, शुक्रवार
'तलवार' आज आपल्याकडं लागला. सायकली २१२, मोटारसायकली ४०, अफजलपूरकडून लग्नाला आलेला एक अख्खा टेम्पो. हाऊसफुल. आणि बाबूलालच्या यादीत 'तलवार'चा भाव किती? दीड कोटी! भाजीच्या भावात. बाकी कुणी हात लावला नाही. मी लगेच एसएमएस करून घेतला.
प्रिंट आपल्याकडं पुण्यानंतर महिन्याभरानं येते. लोक नावं ठेवतात. मला यात फायदाच दिसतो. घाई नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पारखून घेता येतं.

१३ ऑगस्ट, सोमवार
जीपनं उदगीरला. कमलनगरला कॉम्प्युटर आहे, पण इंटरनेटची लाइन नसते. निकाल ई-मेलवर येतो. 'तलवार': ०.२ पॉइंट.
आकडा सरळ चूक आहे. आपल्या एकट्या टॉकीजचा तीन दिवसांचा गल्ला त्यात धरलेला दिसत नाही. बाबूलालला तक्रार लिहिली, सोबत गल्ल्याचा रिपोर्ट जोडला. शिक्क्यासहित.
नंबर: मी आठवा. संध्या नववी.

१४ ऑगस्ट
बाबूलालचं उत्तर, एसएमएसवर. 'जयभीम दाजी. आकडे बरोबर हायत. तो पिक्चर इकडून कवाच उतरला. नवीन घ्या की एखादा.'
नवीन म्हणजे न बघता. हे जुगार खेळतायत, मी अभ्यास करतोय.

२० ऑगस्ट, सोमवार
मी आठवा. संध्या नववी.

२७ ऑगस्ट, सोमवार
मी आठवा, १.९ पॉइंट. संध्या नववी, १.८. चारदा हिशेब केला. सलग तीन आठवडे ती माझ्या बरोबर एक पायरी खाली. योगायोग असा नसतो. ती मुद्दाम पडके पिक्चर घेतेय. नवऱ्याचा नंबर शेवटचा लागू नये म्हणून. तोंडानं बोलणार नाही, हे असं बोलणार. स्वभावच तसा.
येताना जीपमध्ये मी हसत होतो म्हणे. शेजारची बाई सरकून बसली.

३१ ऑगस्ट, शुक्रवार
आपला डोअरकीपर इरप्पा. माणूस चांगला, विचार तोकडा. त्याला बक्षिसाचं सांगितलं. विडी विझवून म्हणाला, "मॅनेजरसाब, तिथं तिकिटं इकत मिळत न्हाईत व्हय?"
मिळतात. प्रश्न तो नाही. जिंकून जाणं वेगळं. हे त्याला कसं कळावं.

४ सप्टेंबर
स्पष्ट नोंद करून ठेवतो, पुढं घोटाळा नको. जूनमध्ये भांडण वगैरे झालं नाही. संध्या म्हणाली, बाबूलालनं विचारून ठेवलंय, पुण्यात तिकीट खिडकीवर जागा आहे, चला. मी म्हणालो, मल्टिप्लेक्सला सायकल-स्टँड नसतो, मला गर्दी कळणार कशी? ती हसली नाही. म्हणाली, ठरलं की फोन करा, तोवर करू नका.
म्हणून करत नाही. शब्द पाळतोय.
शिवाय मी गेलो तर टॉकीज बंद पडेल. अमृतप्पा मालकांना हे बोललो. ते म्हणाले, जाऊन ये की महिनाभर. मोठेपणा त्यांचा.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
'भूत' लागला. सायकली ९०. मुतारीच्या बाजूची भिंत पडली, पिक्चरशी संबंध नाही. 'भूत' घेतला, पाऊण कोटीला. फुकटच.

१७ सप्टेंबर, सोमवार
'भूत': ०.०
बाबूलालनं पुढं हसरा चेहरा काढलाय.
मी आठवा. संध्या नववी. बिचारी किती जपते.

२३ सप्टेंबर, रविवार
आई म्हणाली, "बाबा, तू जायलास का तिला आणायला, का मी जाऊ?" आईला लीगचं सांगितलं, सोपं करून. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुमी दोघं बोलत न्हाई, पर खेळायलाव?" मी म्हणालो, तसंच. ती उठून भाकरी करायला गेली.
ठराव: १. येत्या सोमवारी पुण्याला जाणे. २. चहा दिवसाला दोनच कप.

२४ सप्टेंबर, सोमवार
पुण्याला जाणं पुढं ढकललं. निकाल बघायला उदगीरला जावं लागलं.

२ ऑक्टोबर
सुट्टी, म्हणून चारी शो भरले. बाल्कनीत बी-दोन सोडून एक खुर्ची रिकामी नाही.
बी-दोनबद्दल लिहायचं राहिलं. लग्न झालं तेव्हा संध्याला कायमचा पास करून दिला, माझ्या अक्षरात: बी-एक. शेजारची बी-दोन माझी. गर्दी ओसरली की येऊन बसणार असं ठरलं होतं. गर्दी काही ओसरली नाही, पण आठ वर्षं मी ती खुर्ची कुणाला विकली नाही. पोलिसाला नाही, तहसीलदाराच्या साल्याला नाही, हाऊसफुलला डबल पैसे देणाऱ्याला नाही. प्रेम म्हणजे आणखी काय असतं?
संध्या प्रत्येक पिक्चर शेवटपर्यंत बघायची. घरी जाताना मला शेवट सांगायची, हीरो मेला का जगला, बहीण सापडली का. मी हं हं करायचो. डोक्यात गल्ला चालू असायचा. आता ते हं हं आठवतं.
का आठवतं कळत नाही. झोप कमी झालीय बहुतेक.

१५ ऑक्टोबर, सोमवार
मी आठवा. ती नववी. दोनच आठवडे राहिले. पहिल्या नंबराला एकशे सोळा पॉइंट, मला पाच. अवघड आहे, पण अशक्य म्हणणार नाही. दिवाळीच्या तोंडावर गल्ला उसळतो.

२१ ऑक्टोबर, रविवार. विजयादशमी.
आज संध्या येणार असं मला आतून वाटत होतं. आठ वर्षांत विजयादशमीला ती विहारात नाही असं झालं नाही. सकाळी दाढी केली. प्रत्येक बसला स्टँडवर गेलो, अकरा बस झाल्या. आली नाही. ड्यूटी असेल.
आईला बाबूलालच्या हातून पांढरी साडी आली. मला निरोप नाही. निरोप साडीतच आला, असं मी धरतो.

२९ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३, उदगीर, कॉम्प्युटरच्या दुकानात.
शेवटचा निकाल. मी आठवा. ती नववी. बक्षीस कुणा दुसऱ्याला.
हरलो, पण ती सोबत हरली. बारा आठवडे माझ्या मागं उभी राहिली. आता जिंकून जायची गरजच काय? मी उद्याच निघतो. तिकिटं विकत घेईन. दोन.
सकाळी येताना रेल्वे फाटकात जीप थांबली. समोर उदगीरहून येणारी बस. सवयीनं माणसं मोजली. बत्तीस बसलेले, अकरा उभे. धंदा बरा आहे.

३० ऑक्टोबर, मंगळवार
काल संध्या येऊन गेली.
मी फाटकात मोजली त्याच बसनं. त्रेचाळीसमधली एक. मोजली आणि ओळखली नाही.
आई सांगत होती. अकराला आली, चारच्या बसनं गेली. नोकरी पक्की झाली, त्यासाठी सर्टिफिकिटं लागत होती, पेटीतली. खोली घेतलीय. आईनं जेवू घातलं. आई म्हणाली, थांब की, तो तुमच्या त्या खेळाचा निकाल बघायला गेलाय, येईल. तर संध्या म्हणाली, "कसला खेळ, माय?"
आईनं मी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. संध्या म्हणाली, "मला तर कायबी म्हाईत न्हाई."
बाबूलालला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, तुमी शेवटी येणार ते मला सुरुवातीलाच दिसलं. मला बरं वाटंना. म्हणून अक्काच्या नावाची एक टीम मीच टाकली तुमच्या खाली. तुमाला म्हाईत असंल असं वाटलं मला." रडत होता की काय, माहीत नाही. मी त्याला म्हणालो, आकडे चांगले जुळवलेस.
चार वाजता मी उदगीरहून परतीच्या जीपमध्ये बसलो होतो. समोरून जाणाऱ्या बसकडं बघितलं नाही. डोळे मिटून तिकिटाचा विचार करत होतो.
आईनं तिला आणखी थोडं थांब म्हटलं होतं. ती म्हणाली, "आठ वर्सं थांबले की, माय." आणि पास ठेवून गेली. बी-एक. माझं अक्षर पुसत आलंय. कडा हातानं गुळगुळीत झाल्यात.

३१ ऑक्टोबर
कामावर गेलो नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. टॉकीज बंद पडली नाही. इरप्पानं तिकिटं फाडली, मालकांच्या पुतण्यानं विकली. गल्ला नेहमीपेक्षा चाळीस रुपये जास्त.

१ नोव्हेंबर
संध्याला फोन लावला. तिनं उचलला. मागं वॉर्डातला आवाज. मी म्हणालो, ठरलं. ती म्हणाली, काय ठरलं? मी म्हणालो, येतो म्हणून. ती म्हणाली, "आता नका येऊ." शांतपणे म्हणाली, पेशंटशी बोलतात तशी. जेवण वेळेवर करा म्हणाली.
मी हं हं म्हणालो.

२ नोव्हेंबर, शुक्रवार
'जुळे' लागला. आई म्हणत होती, हा संध्यानं पुण्यात हॉस्पिटलातल्या पोरींबरोबर पाहिला, शेवटी फार रडू येतं असं सांगत होती.
पहिल्या शोला खिडकी पुतण्याकडं दिली. बाल्कनीचं एक तिकीट रीतसर विकत घेतलं. इरप्पानं फाडलं.
बी-एकचं रेक्झिन झिजून पांढरं पडलंय, बसायची जागा खोल गेलीय. बी-दोन नवी कोरी. बसलो तर करकरली. पुढचे लोक मागं वळून बघायला लागले.
दोघं जुळे भाऊ जत्रेत चुकतात. एक मोठा होऊन डॉक्टर होतो, एक ट्रक चालवतो. दोघं एकदा एकाच रस्त्यानं समोरासमोरून जातात आणि एकमेकांना बघत नाहीत. इथपर्यंत मी नीट पाहिलं. रुमाल ओला झाला. मग इंटरव्हल झाला.
सवयीनं उठलो. जरा बघावं म्हटलं, पुतण्यानं बाल्कनीचा गल्ला बरोबर घेतला का. दोन तिकिटांचा फरक होता. तो शोधला. मग सायकल-स्टँडवर गेलो. सायकली १७४. फरक सापडून वर येईपर्यंत दिवे लागले होते आणि लोक डोळे पुसत जिना उतरत होते.
शेवट काय झाला, भाऊ भेटले का, काही कळलं नाही. इरप्पाला विचारलं. तो म्हणाला, "मी दारात हुतो की, मला काय म्हाईत."
घरी चालत आलो. वाटेत कुणी सांगितलं नाही.