लाल पोटाचा पॅरामिशियम

१८ सप्टेंबर १९७४, सोलापूर

सर, इतकी वर्षं तुम्हांला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा रोज भेटत होतो म्हणून लिहिलं नाही, आणि गेल्यावर पत्ता नाही एवढं कारण मला पुरलं.

तुमच्याच प्रयोगशाळेत मी आता शिकवतो. तळ्याच्या पाण्यात गवत कुजवून वाढवलेले सिलिएट, अंगावरचे बारीक केस हलवत पळणारे ते एकपेशीय जीव, अजून तुमच्याच क्रमानं ओळखतो: आधी आकार, मग चाल, मग तोंड, नाव सगळ्यांत शेवटी. ते पळू नयेत म्हणून थेंबात सुताचे तंतू पसरायचे, तेही तसंच. मी तुमच्या वर्गात असताना एके दिवशी सूत आणायची पाळी माझी होती. तुमचा हुकूम पांढऱ्याचा. मी विसरलो, आणि निघता निघता आईच्या कोऱ्या चादरीच्या काठातून एक लाल धागा उपसला. तुम्हांला रंग कळू नये इतका बारीक पिंजून थेंबात घातला. तुम्ही भिंगाला डोळा लावता. समोर एक पॅरामिशियम, त्यांच्यातलाच चपलेच्या आकाराचा. वर्गात इंग्रजीखेरीज न बोलणारे तुम्ही एकदम तुमच्या करकंब गावचे होता: "आरं, पोट लाल हाय की ह्याचं! लालभडक! कंच्याच पुस्तकात न्हाय हे!" आणि माझ्या पाठीवर थाप मारता. तीन वर्षांतली पहिली.

दोन दिवसांनी आईनं चादर धुतली. वडिलांची बंडी गुलाबी झाली. "ही घालून गिरणीत जाऊ व्हय? शिमगा अजून चाललाय म्हणतील लोक!" वडील ओरडत होते आणि मी बादलीकडे बघत होतो. त्या बिचाऱ्या जीवानं रंग गिळला होता, बाकी काही नाही.

सांगायला आलो तर तुम्ही तसलाच आणखी एक शोधायला बाटल्या घेऊन कुंभारी गावच्या विहिरीवर. धुणं धुणारी बाई म्हणत होती, "मास्तर, तान लागली तर वंजळीनं प्या की, थेंब थेंब काय भरताय?" तुम्ही इतके खुशीत होतात की मी मुकाट्यानं बुचं लावत राहिलो. पुढे तुम्ही वारलात तोवर तुमचे रविवार त्याच्याच शोधात गेले. तो दिसणार कसा? भीतीनं मी पांढराशुभ्र धागा आणत होतो.

तुम्ही काढलेलं त्याचं चित्र भिंतीवर आहे. प्राचार्य ते आता कॉलेजच्या अंकात छापताहेत, तुमचा शोध म्हणून. आज एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, आमाला ह्यो का गावत न्हाय? आमचं पाणी वाईट हाय का?" मी म्हणालो, "शोधत राहा." म्हणजे तुमच्यानंतर तिचेही रविवार. कॉलेज सुटल्यावर कोऱ्या चादरीचा लाल धागा थेंबात घालून पाहिला. थोड्याच वेळात सगळ्यांची पोटं लाल.

तुमची लाज राखायला गप्प बसलो, असं स्वतःला सांगत आलो. तपासून पाहिलं, ते खरं नाही. तुम्ही दिसलं तेच काढलंत. चूक तुमच्या नावावर होती तोवर माझं नाव कुठे येत नव्हतं, हे सोयीचं होतं. संध्याकाळी प्राचार्यांना लिहायला बसलो, तर दोन ओळींत तीनदा 'बहुधा' आलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून यात एकदाही आलं नाही.

उद्या: छापखाना उघडताच चित्राखाली धाग्याची हकीकत माझ्या नावानिशी घालून घेणे.