दारावरचा निंब

नालवाडी, वर्धा
१७ नोव्हेंबर २०२५

सुमित्राबाई विहीणबाई,

जयभीम. तुमच्याकडे सगळे बरे असतील. मी बरी आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुम्ही मला अल्लीपूरच्या तुमच्या दारातून परत पाठवलंत. आठव्या महिन्यातली माझी रुपा आत. मी अंगणात, हातात आवळ्याच्या मुरंब्याची बरणी. चौकटीला कडुनिंबाचे डहाळे. "अंदर येऊ नका बाई, पोरीच्या आंगावर माता आली."

माता! तुमच्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले सगळे देव नदीत सोडले, हे लग्नात तुम्हीच मला तीनदा ऐकवलंत. मग ही एकटी कुठं लपून बसली होती? तक्रारीत तारीख-वेळ लिहावी, असं नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. जिल्हा परिषदेत मी तीस वर्षं तेच केलं.

परवा जावयाचा, धम्मदीपचा, फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरळ पोटावरच्या ताणाच्या रेषांतून उठलं, बाळाला धोका नाही, बाळंतपणानंतर आपोआप जाईल. तळहात-तळपाय खाजतात का, हेही त्यांनी विचारलं. लिव्हरसाठी रक्त तपासलं, तेही चांगलं निघालं. फोन ठेवला आणि त्या दिवशी मी शेजारच्या कुत्र्यालाही ओरडले नाही.

जावयाने आणखी सांगितलं. माझी बस सुटली आणि दुसऱ्या सकाळी तुम्हीच तिला दवाखान्यात नेलंत. डॉक्टरीणबाईंना म्हणालात, "निंब म्या बांधला, पण तुमीबी पाहून घ्या." तिची नखं कापलीत, दुपारभर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसलात. मलमही तुम्हीच लावता.

आता माझं. २ तारखेला रुपानं आधी मलाच फोन केला होता. "आई, पोटावर नुसती आग होऊन राह्यली, झोप नाई." मी म्हणाले, पोट वाढलं की खाजतंच, तुझ्या वेळी मी एक दिवस ऑफिस बुडवलं नाही. ती "बरं" म्हणाली. मग तिनं तुम्हाला सांगितलं.

त्या दारात तुम्ही अजून एक वाक्य बोललात, ते वर लिहिलं नाही. "रुपा म्हणते, बाळंतपण इथंच करीन."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, विहीणबाई. मागची खोली मी दिवाळीआधीच रंगवून घेतली. पण हट्ट करायचा माझा हक्क त्या फोनवर गेला, हे कळतं मला. तुम्ही तिच्याजवळ होतात, याचं बरंच वाटतं. निंबासकट.

म्हणून एवढंच विचारा तिला: नालवाडीला येतेस, की आईनं अल्लीपूरला यावं? दोन्हीला मी तयार आहे. उत्तर लेखी हवं, मंगळवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. तुमच्या नव्हे, तिच्या हातचं. मलमानं खाज उतरली म्हणे, तर हात मोकळा असेल.

रुपाची आई,
नंदिनी