ह्यांनी आणलेले सुटे भाग

शनिवार, मे महिना. टँकर आजही आला नाही.

मनूला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवाय. दुकानदार म्हणाला, "ताई, तयारच घ्या, जोडायची कटकट कशाला?" मला पटलं. पण हे जाऊन सातच महिने झालेत. सासूबाई म्हणाल्या, "वर्षश्राद्धापर्यंत घरात नवी वस्तू नको." मग त्यांनीच कपाटावरच्या खोक्यांकडं बोट दाखवलं. कॉम्प्युटर घरीच जोडायचा म्हणून ह्यांनी एकेक भाग आणून ठेवला होता. "त्यानंच आणलंय ना? मग नवं कसं म्हणायचं?"

मनू लगेच स्टुलावर चढली. मी तिला उतरवलं. का? ती खोकी बंद आहेत तोवर ह्यांचं एक काम बाकी आहे, असं वाटत राहतं. पण पोरीला किती दिवस अडवू? उद्या मीच म्हणेन, काढ खाली.