झाकण लावून काढलेले फोटो

३ मार्च
आलो एकदाचे! घर लहान, पण मागचं अंगण बघून मी सामानाआधी दुर्बीणच उतरवली. ही म्हणाली, दुर्बीण थोरली सवत, आपण धाकटी. तिच्या नव्या नोकरीसाठी इथे आलो खरं, पण इतका छान काळोख माझ्या वाट्याला आला. शेजारच्या मास्तरांनी कुंपणावरून स्वागत केलं. त्यांचा एककानी पांढरा कुत्रा माझी चप्पल घेऊन पसार.

५ मार्च
गोलाकार तारकागुच्छ हे माझं जुनं वेड. लाखो तारे, सांडलेल्या साखरेच्या ढिगासारखे. दुर्बिणीला कॅमेरा जोडून त्याचे भरपूर फोटो काढायचे, एकावर एक रचायचे. मग झाकण लावून काही काळे फोटो काढायचे. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग उमटतात, ते संगणक मूळ फोटोतून वजा करतो. सगळं आपोआप, आपण झोपायचं. ही हसून हसून लोटपोट, म्हणे अंधाराचे फोटो काढणारा नवरा मलाच मिळायचा होता!
सकाळी काळ्या फोटोत एक पांढरट आकृती दिसली. कान एकच. झाकण तर पक्कं होतं. असेल काही बिघाड. वजा झाल्यावर फोटो झकास आला. गुच्छाच्या मधोमध एक तारा मात्र ताऱ्यांच्या नकाशापेक्षा जास्त आहे.

७ मार्च
मास्तरांना कुत्र्याचं विचारलं. म्हणाले, आपण जन्मात कुत्रा पाळला नाही. मला वाटलं थट्टा करतायत. हिलाही आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर या वहीत नसतं, तर मीही मान डोलावली असती. आज पुन्हा दुर्बीण लावतो, खात्री झालेली बरी.

८ मार्च
काळ्या फोटोत मास्तर. कुंपणावर हात टेकून. मी उठायच्या आत वजासुद्धा झाले होते. शेजारच्या घराला गंजलेलं कुलूप. किराणावाला म्हणतो, तिथे कधी कुणी राहिलंच नाही. गुच्छात अजून एक तारा.
दुर्बीण पेटीत घातली. हिला म्हटलं, उद्याच्या उद्या इथून निघू. ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना?

११ मार्च, सकाळी
दुर्बीण अंगणात! हिनेच रात्री मांडली — मी तोंड पाडून बसलो म्हणून, मला बरं वाटावं म्हणून. झाकणसुद्धा आठवणीने लावलंय, वेडी —
काळ्या फोटोत ती. हातात झाकण, हसतेय. संगणक वजा करतोय. वायर उपटली तरी थांबत नाही — आतून ती विचारतेय, चहा टाकू का — आवाज बारीक होत चाललाय — लिहून ठेवतो. ती डावखुरी. झोपेत हसते. मला थंडी वाजली की स्वतःची शाल — तिचं नाव —

११ मार्च, दुपारी
फोटो अप्रतिम! तीन तारे जास्तीचे, तिसरा सगळ्यांत देखणा.
स्वयंपाकघरात चहा आटून करपला होता, कुणी ठेवला कोण जाणे. कप दोन. वर लिहिलंय, डावखुरी, झोपेत हसते. कोण? दुसरा कप उचलून का ठेववत नाही? पानोपानी ‘ही म्हणाली, ही म्हणाली’. अक्षर माझंच. पण माझं तर लग्नच —