तिन्ही प्रोग्रॅममधली शेवंती

नाशिक रोड,
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय मनाली,

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. "आई, डोकं खाऊ नकोस, सॉफ्टवेअरचा फरक आहे तो" असं म्हणून तू माझा फोन कापलास. तक्रार करताना आधी तारीख-वेळ लिहावी, हे आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं. पुण्यात मोठी फोटोग्राफर झालीस म्हणून आईचा फोन कापायची मुभा मिळत नाही.

येवल्याला मावशीच्या आरोहीचा साखरपुडा झाला, त्याचे फोटो तूच मला पेनड्राइव्हवर दिलेस. "कच्च्या फाइली आहेत, हव्या त्या निवड," म्हणालीस. त्यात तू एकाच फोटोत आहेस. कॅमेरा मावशीच्या हातात देऊन आरोहीच्या गळ्यात हात टाकलायस, दोघींच्या केसांत पांढऱ्या शेवंतीची वेणी. तो फोटो उघडला की क्षणभर तू छान टवटवीत दिसतेस आणि मग माझ्या डोळ्यांदेखत पिवळी पडतेस. मी दचकले. तुला फोन केला तो त्यामुळे.

तू जे सांगितलंस ते मला समजलं, बरं का. तीस-एक वर्षं पोरींना रसायनशास्त्र शिकवलंय, अगदीच मठ्ठ नाही मी. कच्ची फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे. कुठे किती उजेड पडला याची कॅमेऱ्याने केलेली नोंद. डाळ-तांदूळ तेच, पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या हातची खिचडी वेगळी. आधी क्षणभर दिसतं ते कॅमेऱ्याने स्वतः बनवून आत ठेवलेलं लहान चित्र, आणि नंतरचा रंग माझ्या फुकटातल्या प्रोग्रॅमचा. पटलं. फोन कापलास तेव्हा मी हो म्हणणारच होते.

पण बाई, असंच एक पटणारं कारण मी आधीही ऐकलंय. एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये तुझे पप्पा आरशासमोर उभे राहून म्हणाले होते, "ट्यूब जुनी झालीय, सगळं पिवळं दिसतंय." तू तेव्हा पाचवीत होतीस, स्टूल तूच धरलं होतंस. त्यांनी नवी ट्यूब बसवली. भिंत पांढरीशुभ्र झाली. ते झाले नाहीत.

काल तू फोन ठेवल्यावर मी आणखी दोन प्रोग्रॅम उतरवून घेतले आणि तोच फोटो तिन्हींत उघडला. एकात सगळं गुलाबी, एकात सगळं निळसर, माझ्यात सगळं पिवळट. म्हणजे तुझंच खरं. मग मी तुमचे चेहरे सोडले आणि फुलं पाहिली. जसा प्रोग्रॅम तशी शेवंती बदलते, आणि आरोहीच्या डोळ्यांतलं पांढरं फुलांच्या मागोमाग बदलतं. तुझ्या डोळ्यांतलं मात्र तिन्हींत शेवंतीहून पिवळं राहतं. खिचडी कुणाच्याही हातची असो, एकाच ताटातली दोन शितं वेगळ्या रंगाची कशी?

आणि साखरपुड्याच्या दिवशी बासुंदीची वाटी तू तशीच सरकवलीस. "मळमळतंय गं, उन्हात फिरले ना," म्हणालीस. पप्पांनाही आधी फोडणीचा वास नकोसा झाला होता. हे मी फोनवर बोलू शकत नाही. तू हसतेस आणि विषय बदलतेस. अक्षर बघ कसं आलंय, सिस्टरांनी हातावर पट्टी मारली असती.

म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय. मिळाल्या दिवशी डॉक्टरांकडे जा, डोळे दाखव, काविळीसाठी रक्त तपासून घे. "आई, मी ठणठणीत आहे" हे मला उत्तर म्हणून चालणार नाही. तुझ्या हातचं पत्र, सोबत लॅबचा रिपोर्ट, शनिवारी, १४ फेब्रुवारीला दुपारी बाराच्या आत माझ्या दारात यायला हवं. नाही आलं तर त्यानंतरच्या पहिल्या पुण्याच्या एसटीत मी बसलेली असेन.

तुझीच,
आई