माझ्याआधी निघालेलं गाठोडं

सातारा, २४ जून १९४६, सोमवार

आज आणखी एक निरोपसमारंभ. आधी भगिनी मंडळ, मग गल्लीतल्या बायका, मग वाचनालय, आज शाळा. सगळ्यांनी नारळ दिले. आगबोटीत जागा मात्र कोणी दिली नाही. बाजारात तुरी, अशातली गत.

मोठ्या बाईंचं भाषण लांबलं. "आमच्या दातारबाई लंडनला जाऊन शिकवण्याचं शास्त्र शिकून येणार..." वगैरे. मी कानात म्हटलं, बाई, बोटीचं अजून काहीच नक्की नाही. तर म्हणाल्या, "होईल हो. सरकारनं शिष्यवृत्ती मंजूर केली, आता बोट काय आभाळातून आणायचीय?"

यांना कोण सांगणार. लढाई संपून वर्ष होत आलं तरी बोटी अजून गोऱ्या सोल्जरांनाच घरी पोचवताहेत. मास्तरणींचा नंबर शेवटी. वर्ग सप्टेंबरअखेर सुरू. त्याआधी हजर नाही तर शिष्यवृत्ती रद्द, स्पष्ट लिहिलंय. पुन्हा अर्ज करायचा तर वयात बसत नाही. म्हणजे हीच एक खेप.

माझ्या दुसरीच्या वर्गावर नवी बाई आजच रुजू. हातात छडी. न मारता पोरींना वाचायला कसं शिकवायचं ते बघायला मी सातासमुद्रापार जाणार, आणि माझ्याच खुर्चीत छडी. बघवेना. निघून आले.

सांगली, ५ जुलै, शुक्रवार

घरी येऊन चार दिवस. दारावरून जाणारा प्रत्येक माणूस, "अगं, गेली नाहीस?" आज भाजीवालीनंसुद्धा विचारलं.

आईनं जोशीबुवांना बोलावलं. मी म्हटलं, बोटीचा दिवस कंपनी ठरवणार, त्यात बुवा काय करणार? बुवांनी पंचांग चाळलं. आषाढी एकादशीनंतर प्रवासाला चांगला दिवस नाही. एकादशीच्या आत एक आहे, सोमवारी. पण सोमवारी बोट कुठाय? त्यावर तोड तयारच: प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर एक वस्तू घराबाहेर, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी ठेवायची. की माणूस निघाला असं समजायचं. मग स्वतः सवडीनं निघा.

वस्तू कोणती यावर घोडं अडलं. ब्राह्मणानं जानवं, क्षत्रियानं शस्त्र, असं पोथीत आहे म्हणे. बाईमाणूस, त्यातून मास्तरीण, त्यातून विलायत, हे पोथीत नाही. बुवा विचार करून म्हणाले, "जी वस्तू दाखवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, ती." पोथीत नाही तर गप्प बसावं ना! स्वतःची अक्कल कशाला?

मी उठून आत गेले. वाद घालायचा कंटाळा आला होता.

८ जुलै, सोमवार

प्रस्थान ठेवलं गेलं. मी बाजारात होते, तेवढ्यात. लाल खणात बांधलेलं गाठोडं, सुपारी, हळकुंड, अक्षता. पलीकडच्या आळीत सुभेदारांकडे, म्हणजे उत्तरेला. आई आज पोटभर जेवली. एवढ्यानं तिला बरं वाटत असेल तर वाटू दे.

२० जुलै, शनिवार

टपालवाल्यांचा संप. कंपनीचं पत्र नाही, सरकारचं नाही, कुणाचंच नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

सुभेदार भेटले. इटलीहून गेल्या वर्षी परत आलेत. या गावात विलायतेच्या दिशेनं खरंच गेलेला माणूस हा एकच. बोटीचं विचारलं. "ताई, पयले चार दिस लय वकाऱ्या. मग काय न्हाई. थंडी मातूर वंगाळ. मोजे दोन घाला, एकावर एक." आतापर्यंत मिळालेल्या सगळ्या उपदेशांत हा एकच कामाचा. बाकीचे सगळे अंडं खाऊ नको म्हणून सांगतात.

९ ऑगस्ट, शुक्रवार

संप मिटला. टपालाचा ढीग आला. त्यात कंपनीचं पत्र!! सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या बोटीत जागा आहे. पासपोर्ट घेऊन १९ तारखेपर्यंत मुंबईच्या कचेरीत समक्ष यावे, नाहीतर जागा दुसऱ्यास.

नाचले. आईला मिठी मारली. ट्रंक उघडली. पासपोर्ट नाही.

साड्या काढल्या, पुस्तकं काढली, तळाचा कागद काढला. आई दारात उभी. अगदी शांतपणे, "अगं, तो प्रस्थानात ठेवलाय. दाखवल्याशिवाय पुढं जाता येत नाही असं तूच म्हणाली होतीस ना मागं?"

म्हणाले होते. पासपोर्टचंच. तो हातात पडायला संस्थानच्या कचेरीत वर्षभर खेटे घातले तेव्हा रोज म्हणत होते. दुसरा काढायचा तर आणखी वर्ष.

तशीच सुभेदारांकडे गेले. गाठोडं देवाजवळ ठेवलेलं, वर झेंडूचं फूल. म्हटलं द्या. ते उठून उभे राहिले.

"आवं ताई, म्या कसं देऊ? ज्यानं ठिवलं त्याच्याच हातात द्याचं. कोतात, म्हंजी हत्यारांच्या खोलीत, रायफल जमा केली की दुसऱ्याच्या सांगण्यावर मिळती व्हय?"

"सुभेदार, त्यावर माझं नाव आहे. माझा फोटो आहे."

"आसंल की. पर ठिवलं आईसायबांनी."

लष्कराची शिस्त माझ्याच वाट्याला का?

१० ऑगस्ट, शनिवार

आईशी भांडले. जोरात. शेजारच्या खिडक्या उघडल्या तरी थांबले नाही.

तिचं म्हणणं एकच. प्रस्थान ठेवलं की मागं आणायचं नाही. मागं आणलं की प्रवास मोडला. दादा पलटणीत गेला तेव्हा अवसेला निघाला. आई थांब म्हणत होती, तो हसत होता. ब्रह्मदेशातून आली ती तारच.

मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, जपान्यांनी काही पंचांग बघून गोळी झाडली नव्हती.

ती चुलीकडे वळली. तिकडूनच म्हणाली, "जा, आण ते. मी काही म्हणणार नाही."

यापेक्षा नाही म्हणाली असती तर बरं होतं. गेलेच नाही. दिवसभर नुसती चिडचिड. तिच्यावर, स्वतःवर, दादावर, सगळ्यांवर. दादावर जास्त. हसत गेला आणि हे सगळं माझ्या डोक्यावर ठेवून गेला.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठले तर आई घरात नाही. चुलीवर दूध झाकलेलं. वाटलं देवळात गेली असेल. ऊन वर आलं तरी पत्ता नाही. सुभेदारांकडे गेले.

"आईसाब व्हय? त्या ग्येल्या की कऱ्हाडला, पयल्या मोटारीनं. गाठोडं सोता घिऊन ग्येल्या. म्या म्हनलं पोचवाया येतु, तर नगं म्हनल्या."

माझी आई. बाबा गेल्यापासून मिरजेच्या पुढं एकटी गेलेली नाही. गर्दीत मोटारीत चढायला हात धरावा लागतो. ती माझा पासपोर्ट घेऊन पळाली!

कुठं लपवणार आहे? माईमावशीच्या फडताळात? मला जाऊ द्यायचं नसेल तर तोंडानं सांगावं. मुहूर्ताच्या आड कशाला लपायचं? संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, आली नाही. उद्या कऱ्हाड.

कऱ्हाड, १३ ऑगस्ट, मंगळवार

माईमावशीकडे. आई इथं नाही. रात्र काढली आणि आज सकाळी साताऱ्याला गेली. माझी मोटार आत शिरायला आणि तिची बाहेर पडायला एकच गाठ पडली असणार.

मावशीला विचारलं, हे चाललंय काय? मावशी हसायला लागली. "अगं वेडे, प्रस्थान मागं आणता येत नाही. पुढं नेता येतं. फार दिवस एका घरी राहिलं तर त्याचा गुण जातो, म्हणून पुढच्या घरी. परवा रात्री सुचलं म्हणे तिला. तुला मुंबईला न्यायचंय ना ते? तिकडेच चाललीय की ती."

मग मला बरोबर का नाही घेतलं?

"तू आली असतीस?"

नसते आले. हिसकावून घेतलं असतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

अजून कऱ्हाडलाच. उंब्रजला रस्त्यावर पाणी, मोटारी बंद. रेल्वेच्या रुळाखालची माती वाहून गेली म्हणून गाडीही बंद. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतंय. गाव बघायला जमलंय, कणसं खात.

मला पाणी बघायला कोणी बोलावू नये. मुंबईला तार केली: पूर, उशीर होतो, जागा ठेवा. उत्तर साताऱ्याच्या शाळेच्या पत्त्यावर मागवलंय.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. मोटार नाही. मावशी थालीपीठ लावते आणि म्हणते, नशिबात असेल तर होईल. नशीब उंब्रजला अडकलंय.

आई पाणी चढायच्या आत पलीकडे पोचली असेल ना? साताऱ्यात तिच्या ओळखीचं कोणी नाही, मोठ्या बाई सोडून. त्यांनाही एकदाच भेटलीय. तिच्यावर रागवायचं की तिची काळजी करायची हे एकदा ठरलं तर बरं. दोन्ही एकदम करून जीव दमला.

सातारा, १९ ऑगस्ट, सोमवार

पोचले. चिखलात मोटार दोनदा ढकलली, म्हणजे आम्हीच उतरून. आई मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसलेली. मला बघून म्हणाली, "पाय धू आधी."

मी पाय धुतले.

आज शेवटचा दिवस. मुंबईला इथून आजच्या आज पोचणं शक्य नाही. तारेचं उत्तर येऊन पडलं होतं: जागा दुसऱ्यास दिली. बोटीच्या दिवशी सामानासह धक्क्यावर हजर राहिल्यास, ऐनवेळी कोणी गळल्यास विचार करू. खात्री नाही.

वाचून दाखवलं. आई म्हणाली, माझ्यामुळे झालं. मी नाही म्हणाले नाही. तिचं म्हणणं खरंच होतं, आणि पुराचंही होतं. रात्री तिच्या शेजारी झोपले. 

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी मोठ्या बाईंनी व्हरांड्यात बोलावलं. नव्या बाईचं लग्न ठरलं, ती येत नाही. माझा वर्ग आठवडाभर बाईविना. "दातारबाई, उद्यापासून या. पण असं अर्धवट चालायचं नाही हो. यायचं तर वर्षभर हलणार नाही असं लिहून द्या. मी काही वाईट सांगत नाही."

वाईट सांगत नव्हत्याच. पलीकडून माझ्या पोरींचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी पाढे ओरडत होतं, चुकीचे. धक्क्यावर ट्रंक घेऊन बसायचं, कोणी आजारी पडावं म्हणून वाट पाहायची, नाही जमलं तर तीच ट्रंक घेऊन परत. तोवर हा वर्गही दुसऱ्या कुणाचा. मग ना लंडन, ना सातारा. हो म्हणणार होते. खोटं कशाला लिहू, तोंडात आलं होतं.

बाईंना म्हटलं, आईला विचारून येते. वाटलं, तिला आनंद होईल. निदान एका जणाला तरी होऊ दे.

सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग उठून बाईंच्या देवघरातून गाठोडं आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. लाल खण प्रवासात मळलाय.

मी म्हटलं, हे काय? प्रस्थान मोडायचं नाही ना?

"सांगलीत सुभेदार होते," आई म्हणाली. "कऱ्हाडला माई. इथं तुझ्या बाई. साताऱ्याच्या पुढं माझ्या ओळखीचं एकही घर नाही, इंदू. पुण्यात नाही, मुंबईत नाही. आता कुणाकडे ठेवू? इथून तूच ने."

"अगं, पण बोटीत जागा नाही."

"ते तू बघ. मला त्यातलं कळत नाही."

आणि पुन्हा शेंगा मोडायला बसली. देठं ताटात टाकत होती आणि शेंगा केरात.

बाईंना नाही म्हणून सांगितलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, पुन्हा ही जागा मिळेल असं धरून चालू नका. बरोबर आहे त्यांचं.

आईला उद्या कऱ्हाडच्या मोटारीत बसवून देणार. मग मी सातारा रोड स्टेशनवर, पुढं मुंबई. गाठोड्याची गाठ सोडलेली नाही. धक्क्यावर कोणी पासपोर्ट मागितला तर सोडेन.