पोटात हवा, तोंड बंद

३ मे, सोमवार
सेउलीने आज प्रत्येकीला एक वही दिली. रोज लिहा म्हणाला. किती किलो उचललं, श्वास कसा घेतला. मी म्हटलं, नाकाने घेतला, आणखी कुठून घेणार. बायका हसल्या. तो हसला नाही. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमधे वजनं उचलायला शिकवतो म्हणून स्वतःला मोठा समजतो. तीस वर्षांचं पोर. मान नाहीच, डोकं सरळ खांद्यावर ठेवलंय.
मी लोसा, चौथी शिकलेली. लिहिता येतं. ही वही कुणी वाचायची नाही. नवऱ्याने तर मुळीच नाही.
१२ जूनला राजधानीत, आपियाला, पंचेचाळिशीपुढच्या बायकांची स्पर्धा. जिंकेल तिला समिती ऑकलंडच्या मोठ्या स्पर्धेला नेणार. जागा एक. ती माझी. बाकीच्यांनी घरी बसून चटया विणाव्यात.

५ मे, बुधवार
ऑकलंडला जायचं ते फुआतिनोचं नाक कापायला. फुआतिनो माझी नणंद, तीही शेडमधे येते. दुसरं कारण नाही. माझी लितिया तिकडे राहते, तिला अकरा महिन्यांचा मुलगा आहे, ते आपलं असंच. नातू बघायला मी काही मरत नाही.
लितिया माझ्याशी बोलत नाही. बापाशी बोलते, आत्याशी बोलते. बाळाचं नाव ठेवलं कूपर, तेव्हा मी फोनवर एवढंच म्हणाले की कुत्र्याला हाक मारायला बरं आहे. तिने फोन ठेवला. खरं बोललेलं कुणाला चालत नाही.

७ मे, शुक्रवार
सत्तर किलो. गुडघ्यापर्यंत आलं, पडलं.
सेउली म्हणतो, मावशी, तू उचलताना बोलतेस. मी म्हटलं, मी कुठे बोलते. म्हणाला, आत्तासुद्धा बोलत होतीस, बार जड आहे, फरशी वाकडी आहे, फुआतिनोने हाताला लावायची पावडर जास्त घेतली, हे सगळं बार हातात असताना. मग शिकवलं. आधी पोटात हवा भर, छातीत नाही, पोटात. पोट ढोलासारखं कडक कर. तोंड मीट. उचल. सरळ उभी राहिलीस की मग सोड. मधे हवा गेली की पाठीचा कणा मोकळा, बार खाली.
म्हणजे पाच सेकंद गप्प बसायचं. त्यात शिकायचं काय.

९ मे, रविवार
चर्चमधे कॉयरमधे सूर धरला. सगळ्यांपेक्षा लांब. बाकीच्या थांबल्या तरी माझा चालूच. गाणं बसवणाऱ्या मास्तराने पुढच्या रविवारपासून मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. आवाज मोठा असला की मागूनही पोचतो, म्हणून असेल.
मला श्वास शिकवतायत.

१४ मे, शुक्रवार
घरी सराव सुरू. नीरफणसाच्या झाडाखाली. पाण्याचा पाइप, दोन टोकांना सिमेंट भरलेले दूध पावडरचे डबे. पोटात हवा भरली. तोंड मिटलं. उचललं. तेवढ्यात माझा नवरा पेनी ओट्यावरून म्हणाला, मालो लोसा.
आता यात पेनीची चूक की माझी. कुणी जोर लावताना दिसलं की मालो, म्हणजे शाब्बास, म्हणायचं, होडी वल्हवणारा असो की नारळ सोलणारा. आणि कुणी म्हटलं की उलट मालो म्हणायलाच लागतं, नाहीतर आईबापाने काही शिकवलं नाही असं होतं. मी म्हटलं, मालो तुझ्या बसण्याला. हवा गेली. डबा अंगठ्यावर.
पेनीला सांगितलं, पुन्हा मालो म्हणालास तर जेवण नाही. तो म्हणाला, अगं पण मी तुला बळ द्यायला म्हटलं. मी म्हटलं, बळ तुझ्याकडेच ठेव, तुला कमी आहे.

१५ मे, शनिवार
अंगठा काळा. पेनी म्हणाला, मालो लोसा. झाडाखाली होते. उत्तर दिलं. पडलं.
त्याला जेवण नाही. फुआतिनोकडे जाऊन जेवला.

२२ मे, शनिवार
पेनी सुधारला. मी पाइप धरला की स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो. कुत्रंसुद्धा इतक्या लवकर शिकत नाही.
पंच्याहत्तर किलो, शेडमधे, एकदा सरळ वर. सेउलीने फक्त बोट वर केलं. फुआतिनो म्हणाली, वहिनी, आज तुझं तोंड दुखतंय का. मी खाली ठेवल्यावर उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही, वही घरात असते.

३० मे, रविवार
जेवायला सगळे होते. अळूच्या पानात नारळाचं दूध, डुक्कर, अळकुड्या. फुआतिनोने फोनवर कूपरचा फोटो दाखवला. सगळ्यांना. मला शेवटी. दोन दात. कपाळ माझ्या बापाचं, पुढे आलेलं. मी म्हटलं, कपाळ बघा, नाव काहीही ठेवा. फुआतिनो म्हणाली, हे लितियाला सांगू का. मी म्हटलं, सांग, मी काय घाबरते. मग म्हटलं, नको सांगू.
छोटी चटई विणतेय. बाळाच्या मापाची झाली, ते पानं कमी पडली म्हणून.

४ जून, शुक्रवार
ठराव. १२ तारखेपर्यंत कुणाशी भांडायचं नाही. हवा साठवायची.

५ जून, शनिवार
बस ड्रायव्हरशी भांडले. त्याने थांबवली नाही. हे धरायचं नाही, तो आमच्या गावचा नाही.

१० जून, गुरुवार
ऐंशी. दोनदा. दोन्ही वेळा तोंड बंद. सेउली म्हणाला, मावशी, असंच केलंस तर तुला कुणी धरत नाही. मी म्हटलं, हे मी तुला तीन मेला सांगितलं होतं. ऑकलंडला थंडी असते म्हणून पेनीचा स्वेटर धुऊन ठेवला. चटई पूर्ण. लितिया विमानतळावर आली तर काय बोलायचं ते ठरवलंय. काहीच नाही. आधी तिने बोलायचं. मग मी नावाबद्दल समजावून सांगेन.

१२ जून, शनिवार. संध्याकाळी सहा
सगळं जसं झालं तसं लिहिते.
पहिली पाळी, ऐंशी. बार उठला. मागून फुआतिनो म्हणाली, वहिनी, पाठ वाकतेय. मी म्हटलं, तुझी जीभ वाकली. बार खाली. पंचांनी लाल दिवा लावला. लाल दिवा तिच्या तोंडाला लावायला हवा होता.
दुसरी पाळी, ऐंशी, वर. पांढरा. फुआतिनोचे तोवर पंच्याऐंशी झाले होते.
तिसरीला मी नव्वद सांगितले. सेउलीने डोळे मिटले. आमचं अख्खं गाव पुढच्या रांगांत बसलेलं, गप्प, मला बळ देत. पेनीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. पोटात हवा भरली, अशी आजवर भरली नव्हती. पोट म्हणजे ढोल. बार सुटला जमिनीवरून. नडगी. गुडघा. गुडघ्याच्या वर. मी मनात म्हटलं, कूपर तर कूपर.
तेव्हा पहिल्या रांगेतून आमच्या पाद्रीणबाई हळूच म्हणाल्या, मालो लोसा.
त्या ब्याऐंशी वर्षांच्या. पांढरी टोपी. त्यांनी माझ्या लग्नात गाणं म्हटलंय, माझ्या आईच्या मातीला उभ्या राहिल्यात. त्यांना उत्तर द्यायचं नाही, असली बाई अजून आमच्या गावात जन्मली नाही. मी म्हटलं, मालो बाई, तुमच्या पाठबळाला.
तीनही दिवे लाल. बार आपटून खालची फळी फुटली.
ही काही हार नव्हे. याला वागणूक म्हणतात. सेउली म्हणाला, मावशी, मानेने नुसतं हो म्हटलं असतंस तरी चाललं असतं. परदेशात शिकून आलेल्यांचं हे असं.
फुआतिनो जाणार.

१९ जून, शनिवार
फुआतिनो विचारायला आली, लितियाला काही निरोप. मी म्हटलं, नाही. ती उठली. मी चटई दिली. म्हटलं, विमानात पाय ठेवायला घे. तिने मापाकडे बघितलं. मग गुंडाळून काखेत घातली टवळीने.

२५ जून, शुक्रवार
पेनी म्हणतो, उद्या फुआतिनो लितियाच्या घरून व्हिडिओ लावणार आहे. लितियाला सांगितलंय की तूही असशील. ती नाही म्हणाली नाही.
ठराव. आपण एक शब्द बोलायचा नाही. नावाबद्दल नाही, कपाळाबद्दल नाही. पोटात हवा, तोंड बंद. तिचं बोलून झालं की मग सोडायची. दिवसभर सराव केला. सात सेकंदांपर्यंत पोचते.

२६ जून, शनिवार. सकाळी दहा
फोन आला. पेनीने माझ्यासमोर धरला. आधी फुआतिनो, जिंकली नाही, सातवी आली, ते तिने घाईत सांगितलं. मग फोन फिरला. माझी चटई जमिनीवर, त्यावर कूपर, तिचंच पान चावतोय. मग लितिया. वाळली आहे.
मी पोट भरलं. तोंड मिटलं. डोळासुद्धा हलवला नाही.
ती म्हणाली, आई.
मी धरून ठेवलं.
म्हणाली, आई, चटई छान आहे. मग फोनजवळ वाकली. म्हणाली, आई, ऐकू येतंय का.
तिचं बोलून झालं नव्हतं. मी धरून ठेवलं. नऊ. दहा.
ती फुआतिनोला म्हणाली, आत्या, आईचं चित्र अडकलंय, लाइन गेली वाटतं. अकरा. आणि बंद केलं.
पुन्हा लावला तर लागला नाही. बाळाला घेऊन बाहेर गेली असेल.
अकरा. हालचाल शून्य. आजवर एवढा कधी धरला नव्हता. सेउलीने बघायला हवं होतं.
पेनी शेजारीच उभा होता, फोन हातात धरून. मालो म्हणायचं याच वेळी सुचलं नाही मेल्याला.